काळी भुकटी आणि चंदेरी साय

वायरच्या आत तांबं आणि बाहेर प्लास्टिक. लहानपणी टेस्टर हातात घेताना पहिली गोष्ट शिकवली जाते ती हीच, आणि ती डोक्यात इतकी पक्की बसते की "वीज वाहून नेणारं प्लास्टिक" हे शब्द ऐकले की कोणीतरी आपली फिरकी घेतंय असं वाटतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला अप्लाइड केमिस्ट्रीत ही भानगड पॉलिमर्सच्या धड्याच्या अगदी शेवटी यायची. चार मार्कांची 'थोडक्यात टिपा लिहा'. पॉलिऍसिटिलीन, आयोडीन, २००० सालचं नोबेल, संपलं! त्यामागची गोष्ट मात्र चार मार्कांत मावणारी नाही, म्हणून या शनिवारी ती घ्यायची ठरवली.

सगळीकडे सापडणारी आवृत्ती साधारण अशी आहे. १९६७ साली टोकियोतल्या एका प्रयोगशाळेत एका परदेशी विद्यार्थ्याने, भाषा नीट न कळल्यामुळे, चुकून हजारपट जास्त उत्प्रेरक टाकला. भांड्यात नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा तयार झाला. त्याच्यातून वीज वाहते असं लक्षात आलं आणि नोबेल मिळालं. 'चुका करायला घाबरू नका' छापाच्या कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर टाकायला अगदी फिट्ट गोष्ट. पण थोडं खोलात वाचायला लागलं की त्यातले दोन-तीन शब्द टोचायला लागतात. 'विद्यार्थी' हा एक. 'भाषा' हा दुसरा. आणि सगळ्यात जास्त टोचतो तो 'वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा शोध' हा भाग. कारण वीज वाहणारं प्लास्टिक त्याआधी निदान दोन-तीन वेळा तरी तयार होऊन गेलं होतं, आणि त्याकडे फारसं कोणी बघितलं नव्हतं.

मग १९६७ साली नेमकं काय सापडलं? माझ्या मते फिल्म सापडली. हातात धरता येईल, चिमट्यात पकडता येईल, दोन्ही टोकांना तारा जोडता येतील असा पातळ, सलग पापुद्रा. ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण पुढचं सगळं त्या पापुद्र्यामुळे झालं.

सुरुवात मात्र नीळीपासून करायला हवी. १८२६ साली ओटो उन्फरडोर्बेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला. १८४० साली कार्ल युलियस फ्रित्शेने नीळीतूनच तो पुन्हा मिळवला आणि त्याला ऍनिलिन असं नाव दिलं. पोर्तुगीज भाषेत नीळीला 'अनिल' म्हणतात. तो शब्द अरबी 'अन्‌-नील'वरून आला आणि अरबांकडे तो गेला आपल्या 'नील'वरून. म्हणजे आपल्याकडचं पीक, आपल्याकडचा शब्द, आणि तो अर्धं जग फिरून जर्मन बाटलीवरच्या लेबलावर जाऊन बसला. पुढे १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने लंडनमध्ये ऍनिलिनपासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा धंदा जोरात सुरू झाला.

धंद्याबरोबर विषबाधाही आल्या. हेन्री लेथबी हे लंडन शहराचे आरोग्य अधिकारी आणि लंडन हॉस्पिटलच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ऍनिलिन ज्याच्यापासून बनवतात त्या नायट्रोबेंझिनमुळे झालेल्या मृत्यूंचा ते अभ्यास करत होते. शरीरात गेल्यावर त्या विषाचं ऍनिलिन होतं असा त्यांचा कयास होता, आणि त्यासाठी त्यांना ऍनिलिन ओळखायची खात्रीची चाचणी हवी होती. १८६२ साली त्यांनी ऍनिलिन सल्फेटच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून बॅटरी जोडली. प्लॅटिनमवर निळसर-हिरवा थर चढला. आज आपण त्याला पॉलिऍनिलिन म्हणतो, आणि वीज वाहणाऱ्या पॉलिमरांच्या यादीत त्याचं नाव अगदी वर असतं.

लेथबींनी त्या थराची वाहकता मोजली नाही. का मोजतील? त्यांना विष शोधायचं होतं. शिवाय पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या तुकड्यांची लांबलचक साखळी, ही कल्पनाच १९२०च्या सुमारास हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडली. ज्या गोष्टीला नाव नाही ती तुम्ही कशी शोधणार?

नाव आल्यावरचा प्रकार मला जास्त रोचक वाटतो. १९६३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सरकारी संशोधन संस्थेत डोनाल्ड वाइस, बोल्टो आणि मॅकनील यांनी पॉलिपायरोल बनवलं. त्यात आयोडीन होतं, आणि ते चक्क वीज वाहून नेत होतं. त्यांनी ते मोजलं, आकडे दिले, 'पॉलिमरांमधली इलेक्ट्रॉनिक वाहकता' अशा स्पष्ट मथळ्याखाली पेपर छापले. लपवाछपवी काही नाही. त्याच दशकात पॅरिसमध्ये जोझेफोविच आणि ब्युवे पॉलिऍनिलिनवर काम करत होते आणि त्यांनाही चांगली वाहकता मिळत होती. १९७४ मध्ये अमेरिकेत मॅकगिनेस आणि मंडळींनी मेलॅनिनपासून, म्हणजे आपल्या त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या द्रव्यापासून, विजेवर चालणारा स्विच करून 'सायन्स'मध्ये छापला. तरी जगाने ढिम्म लक्ष दिलं नाही.

याची कारणं बरीच सांगतात. ऑस्ट्रेलिया कोपऱ्यात, जर्नल लहान, वगैरे. मला मोठं कारण वाटतं ते भुकटीचं. हे पदार्थ बहुतेक काळ्या भुकटीच्या रूपात मिळायचे. ती भुकटी कशात विरघळत नाही, तापवली तर वितळत नाही, जळून जाते. वाहकता मोजायची तर ती दाबून तिची गोळी करायची आणि गोळीला तारा लावायच्या. आता गोळीतून जाणारी वीज कणांच्या आतून जातेय की कणांच्या सांध्यांवरून? त्यात मिसळलेल्या आयोडीनमुळे? की कुठेतरी जळून झालेल्या कोळशामुळे? शंकेखोर भौतिकशास्त्रज्ञाला हवी तितकी पळवाट आहे. डेमो चालला, पण कशामुळे चालला ते दाखवता येत नाही, अशी अवस्था. आपल्या धंद्यातल्या लोकांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

आता टोकियो. इटलीच्या ज्युलिओ नाटांनी १९५८ साली ऍसिटिलीन वायूपासून पॉलिमर बनवलं होतं. ऍसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्याकडे असतो तोच वायू. एका रेणूत दोन कार्बन, दोन हायड्रोजन. ते एकमेकांना जोडत गेलं की पॉलिऍसिटिलीन. कागदावर याच्याइतकं साधं पॉलिमर नाही. भांड्यात मात्र पुन्हा तीच काळी भुकटी. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत साकुजी इकेदा यांच्या गटाला यातल्या विजेशी काही देणंघेणं नव्हतं. ऍसिटिलीनचे रेणू एकमेकांना नेमके कसे जोडले जातात, एवढाच त्यांचा प्रश्न. त्या गटात हिदेकी शिराकावा हे नुकतेच पीएचडी झालेले संशोधक रुजू झाले होते, आणि कोरियाच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेतून ह्युंग चिक प्युन हे पाहुणे म्हणून आले होते. लक्षात घ्या, प्युन विद्यार्थी नव्हते. संशोधक होते.

१९६७ मध्ये प्युन यांनी शिराकावांकडून पॉलिऍसिटिलीनची कृती घेतली आणि प्रयोग लावला. उत्प्रेरक मिलिमोलमध्ये घ्यायचा होता, तो मोलमध्ये घेतला गेला. म्हणजे जवळजवळ हजारपट. चूक कोणाची? प्युन यांच्या जपानीला दोष देणाऱ्या आवृत्त्या पुष्कळ फिरतात. शिराकावांनी स्वतः २००० सालच्या नोबेल व्याख्यानात प्युन यांचं नाव घेऊन सांगितलं आहे की, सूचना लिहिताना कदाचित माझ्याकडूनच मिलिमोलमधला 'मिलि' सुटला असेल, किंवा त्यांनी वाचताना तो निसटला असेल. दोन्ही शक्यता त्यांनी उघड्या ठेवल्या. सांगोवांगीत मात्र त्यातली एकच उरली, परक्याच्या चुकीची. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीला शाळेत जपानी शिकावं लागलं होतं, हे ठाऊक असलं की ती भाषेची सबब जरा जास्तच सोयीची वाटते.

(युनिटच्या घोळाचं दुसरं टोक आपल्याला माहीत आहेच. १९९९ साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेला, कारण एका सॉफ्टवेअरने पाउंडात आकडे दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनात समजून घेतले. तिथे यान गेलं, इथे फिल्म मिळाली.)

भांड्यात काय झालं ते कळायला स्वयंपाकघरात जायला हरकत नाही. दूध तापवून शांत ठेवलं की वर साय धरते. सबंध दुधाचा गोळा होत नाही, फक्त दूध आणि हवा जिथे भेटतात तिथे पापुद्रा येतो. उत्प्रेरक थोडा असताना ऍसिटिलीन आधी द्रावणात विरघळायचा, मग आत कुठेतरी साखळ्या बनायच्या आणि कण होऊन खाली बसायचे. हजारपट उत्प्रेरक असल्यावर वायूला आत शिरायला सवडच मिळाली नाही. पृष्ठभागाला टेकल्या टेकल्या साखळी बनली. द्रावणावर साय धरली, फक्त काळसर आणि चकाकणारी.

पुढे शिराकावांनी या अपघाताची शिस्तशीर पाककृती केली, आणि श्रेय द्यायचंच तर मी ते इथे देईन. टायटॅनियमचं एक संयुग आणि ऍल्युमिनियमचं एक संयुग टोल्युइनमध्ये मिसळून उत्प्रेरक बनवायचा. काचेच्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर तो नीट फिरवून घ्यायचा, घावनाचं पीठ तव्यावर फिरवतो तसा. हवा पूर्ण काढून टाकायची. भांडं उणे ७८ अंशांपर्यंत थंड करायचं आणि मग ऍसिटिलीन आत सोडायचा. बघता बघता भिंतीवर फिल्म धरते. ती धुऊन सोलून काढायची. इतक्या थंडीत केलं तर फिल्म तांब्यासारखी लालसर दिसते, १५० अंशांना केलं तर चांदीसारखी. रासायनिक सूत्र तेच, साखळीचा वळसा तेवढा वेगळा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही फिल्म म्हणजे नॅनोमीटरांत मोजायच्या तंतूंचा गुंता दिसतो, बराचसा पोकळ. ही पोकळी पुढे फार कामी आली, कारण कुठलीही वाफ त्यात आरामात शिरू शकते.

या कृतीचा सविस्तर पेपर १९७४ साली आला. त्यावर नावं होती इतो, शिराकावा आणि इकेदा यांची. प्युन यांचं नाव नाही.

आता खरी गंमत. फिल्म हातात आल्यावर या मंडळींनी काय केलं? तिच्यातून इन्फ्रारेड किरण सोडले. त्यांना साखळीची रचना बघायची होती आणि भुकटीपेक्षा फिल्म त्यासाठी कितीतरी सोयीची. मग क्लोरीन आणि ब्रोमीनची वाफ सोडून बघितली, तर फिल्ममधून इन्फ्रारेड जाणं एकदम बंद पडल्यासारखं झालं. आज मागे वळून बघताना हे स्पष्ट आहे: मोकळे इलेक्ट्रॉन असलेले पदार्थ, उदाहरणार्थ धातू, इन्फ्रारेड किरणांना असेच अडवतात. म्हणजे ती फिल्म धातूसारखी वागायला लागली होती आणि ते त्यांच्या ग्राफवर दिसतही होतं. फक्त खोलीत मल्टिमीटर घेऊन येणारा माणूस नव्हता.

तो माणूस १९७५ मध्ये आला. ऍलन मॅकडायर्मिड, मूळचे न्यूझीलंडचे, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. तिथलेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऍलन हीगर यांच्याबरोबर ते गंधक आणि नायट्रोजनच्या एका सोनेरी स्फटिकावर काम करत होते, ज्याच्यातून धातू नसतानाही वीज वाहते. (हीगर पहिल्यांदा 'एस-एन' म्हणाले तेव्हा मॅकडायर्मिडना ते कथिलाबद्दल बोलतायत असं वाटलं, असा किस्सा सांगतात. कथिलाची रासायनिक खूणही एस-एनच.) मॅकडायर्मिड जपानला आले असताना त्यांचं टोकियोत व्याख्यान झालं. नंतर ग्रीन टी घेताना त्यांनी आपला सोनेरी नमुना दाखवला आणि शिराकावांनी त्यांना आपली चंदेरी फिल्म दाखवली. काळी भुकटी दाखवली असती तर? मला नाही वाटत चहा संपेपर्यंत ती कोणाच्या लक्षात राहिली असती.

अमेरिकन नौदलाच्या संशोधन निधीतून पैसे उभे राहिले आणि १९७६ मध्ये शिराकावा वर्षभरासाठी फिलाडेल्फियाला गेले. पहिला प्रयत्न अगदी इंजिनिअरी डोक्याचा होता. फिल्ममध्ये थोडी अशुद्धी आहे, ती काढली की वाहकता वाढेल. झालं उलटंच. फिल्म जितकी शुद्ध, तितकी वाहकता कमी! म्हणजे जी काही वीज जात होती ती अशुद्धीच्याच कृपेने. मग मुद्दाम अशुद्धी घालून बघू या, असं ठरलं, आणि शिराकावांना ते जुने ब्रोमीनचे ग्राफ आठवले. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी शिराकावा आणि हीगर यांच्याकडचे पोस्टडॉक सी. के. चियांग यांनी फिल्मला तारा जोडून ब्रोमीनची वाफ आत सोडली. मीटर झपाट्याने चढत गेला. नंतर आयोडीन वापरलं तेव्हा चंदेरी फिल्मची वाहकता मूळच्या साधारण एक कोटीपट झाली.

हे होतं कसं? पॉलिऍसिटिलीनच्या साखळीत कार्बनांमध्ये एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, असं आलटून पालटून असतं. दुहेरी बंधातले जादाचे इलेक्ट्रॉन तसे सैल असतात, पण सरकायला जागा नसते. नाट्यगृहातली भरलेली रांग डोळ्यांसमोर आणा. सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना कोणी सरकू शकत नाही. मधला एक जण उठून गेला की शेजारचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी, आणि रिकामी खुर्ची रांगेच्या टोकापर्यंत फिरत जाते. आयोडीन हे उठवायचं काम करतं. ते साखळीतला इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि स्वतः ऋणभारित होऊन बाजूला बसून राहतं. सिलिकॉनमध्ये करतात तसंच हे डोपिंग, पण सिलिकॉनमध्ये परका अणू मूळ अणूची जागा घेतो, इथे तो साखळीच्या शेजारी येऊन बसतो. आणि सिलिकॉनमध्ये भेसळ लाखात एखादी असली तरी पुरते, इथे ती शेकड्यात लागते. रांगेची उपमा पूर्ण बरोबर नाही. साखळी स्वतःही त्या रिकाम्या खुर्चीभोवती वाकते, आणि या वाकण्याचं गणित सू, श्रीफर आणि हीगर यांनी १९७९ साली मांडलं. पण आपल्यापुरती रांग पुरे.

१९७७ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये पेपर आला. लेखक पाच: शिराकावा, लुइस, मॅकडायर्मिड, चियांग, हीगर. २३ वर्षांनी नोबेल आलं ते तिघांना, कारण एका विषयाचं नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही. लुइस आणि चियांग राहिले. फिल्म ज्यांच्या हातून पहिल्यांदा झाली ते प्युन राहिले. १९६३ मध्ये आकडे छापणारे वाइस राहिले. आपल्याकडे निदान व्हर्जन कंट्रोलला विचारता येतं की ही ओळ पहिल्यांदा कोणी लिहिली. तिथे तसं काही नसतं. मी वाइस यांच्या बाजूने फार भांडणार नाही. त्यांनी केलं ते खरं होतं, पण त्यांच्या भुकटीने इतर कोणाच्या हातात काही दिलं नाही. फिलाडेल्फियाची फिल्म मात्र कोणीही कृती वाचून बनवू शकत होता, मोजू शकत होता, आणि दोन-तीन वर्षांत शेकडो जण ते करायला लागले. प्युन यांच्या बाबतीत मात्र मला वाईट वाटतं. नोबेल मिळालं नाही याचं नाही, एवढ्या मोठ्या पुरस्काराचे हक्कदार ते होतेच असं मी म्हणणार नाही. पण एका संशोधकाचा 'जपानी न कळणारा विद्यार्थी' झाला, आणि तो अजूनही तसाच छापला जातो.

बरं, मग त्या नोबेलविजेत्या पॉलिऍसिटिलीनचं पुढे काय झालं? काही नाही! हवा लागली की ते खराब होतं. चंदेरी फिल्म काही दिवसांत ठिसूळ आणि निकामी. १९८७ साली बीएएसएफ कंपनीच्या नारमान आणि थेओफिलू यांनी त्याची वाहकता सेंटीमीटरला एक लाख सिमेन्सच्या वर नेऊन दाखवली. तांब्याची साधारण सहा लाख आहे, म्हणजे मजल अचाट. पण दुकानात त्याची एकही वस्तू आली नाही.

काम पुढे नेलं ते हवेत टिकणाऱ्या भावंडांनी. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात आयबीएमच्या डियाझ, कानाझावा आणि गार्डिनी यांनी पायरोलच्या द्रावणात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली, आणि त्यावर पॉलिपायरोलची काळी, लवचिक, सोलून काढता येणारी फिल्म धरली. वीजच पॉलिमर बनवते आणि वीजच त्याला डोप करते, एकाच खेपेत. साहित्य ओळखीचं वाटलं ना? प्लॅटिनम, द्रावण, बॅटरी. लेथबींनी ११७ वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं.

ऐंशीचं दशक मग वर्तमानपत्री उत्साहात गेलं. प्लास्टिकच्या बॅटऱ्या, प्लास्टिकच्या वायरी, हलक्या विजेच्या गाड्या. १९८७ मध्ये जपानमध्ये ब्रिजस्टोन आणि सेइको यांनी पॉलिऍनिलिनचा छोटा सेल बाजारात आणलाही, पण तो फार काळ टिकला नाही. पॉलिऍनिलिनला विरघळवायचा रस्ता १९९२ मध्ये काओ, स्मिथ आणि हीगर यांना सापडला, आणि त्यात वापरलेलं एक ऍसिड चक्क कापरापासून बनवलेलं होतं. नीळीच्या नावाचा पदार्थ आणि कापूर, असा तो योग.

पण खरा पैसा मिळाला तो कोणाच्याही भाषणात नसलेल्या जागी. जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्रीडरिश योनास आणि गेरहार्ड हाइवांग यांनी पेडॉट नावाचं पॉलिमर बनवलं. त्याच्या कडीवर दोन ऑक्सिजन अशा जागी बसवले आहेत की साखळी वेडीवाकडी जोडलीच जाऊ शकत नाही, आणि ते हवेत चांगलं टिकतं. अडचण जुनीच: विरघळत नाही. तोडगा असा निघाला की पीएसएस नावाच्या दुसऱ्या, पाण्यात मिसळणाऱ्या आम्लधर्मी पॉलिमरच्या सोबतीने ते पाण्यातच बनवायचं. पीएसएसच्या लांब साखळ्यांना पेडॉटचे छोटे तुकडे चिकटून राहतात, त्यांचं डोपिंगही तेच करतं, आणि हाती येते शाईसारखी निळी, पाण्यात तरंगणारी लापशी. ती पसरायची, सुकवायची, झाली फिल्म. साय धरायची वाट बघायला नको, उणे ७८ नको, निर्वात भांडं नको.

पहिलं मोठं गिऱ्हाईक घरातलंच होतं. बायरची अ‍ॅग्फा ही कंपनी फोटोचे रोल बनवायची. रोल कारखान्यात किंवा कॅमेऱ्यात वेगाने सरकताना त्यावर स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडली की फोटोवर झाडाच्या फांद्यांसारखे पांढुरके ओरखडे उमटतात. आधी त्यासाठी क्षारांचे लेप देत, पण ते दमट हवेतच काम करायचे आणि रोल धुताना निघून जायचे. पेडॉटचा पातळ, जवळजवळ पारदर्शक लेप कोरड्या हवेतही चालतो आणि धुतल्यावरही राहतो. तर नोबेल मिळायच्या आधीच वीज वाहणारं प्लास्टिक लोकांच्या लग्नाच्या अल्बममागे गुपचूप काम करत होतं. डिजिटल कॅमेऱ्यांनी रोलचा धंदा बसवला, अ‍ॅग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि लेप मात्र इतर कामांना लागला.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर सांगतो. त्या निळ्या लापशीत थोडं डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल घातलं की सुकलेल्या फिल्मची वाहकता सेंटीमीटरला एक सिमेन्सच्या आतून शेकड्यांत जाते, कारण साखळ्या पुन्हा नीट रचल्या जातात. १९९० मध्ये केंब्रिजच्या बरोज, ब्रॅडली, फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या फिल्ममधून उजेड काढून दाखवला. फोनमधले ओएलईडी पडदे मात्र पुढे मुख्यतः लहान रेणूंवर गेले, पॉलिमरवर नाही. टचस्क्रीनच्या पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी इंडियम टिन ऑक्साइडची जागा पेडॉट घेईल असंही बरंच बोललं गेलं, पण तितकंच पारदर्शक राहून तितकी वाहकता देणं त्याला जड जातं. लवचिक गोष्टींत ते पुढे आहे. आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे मेंदू. पेडॉटची फिल्म इलेक्ट्रॉनही वाहते आणि तिच्यात आयनही शिरतात. मज्जापेशींचे संदेश आयनांचे, यंत्राचे संदेश इलेक्ट्रॉनांचे, त्यामुळे इलेक्ट्रोडवर हा लेप दिला की मधला अडथळा बराच कमी होतो. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये मालियारास यांच्या गटाने याच पॉलिमरच्या ट्रान्झिस्टरने उंदराच्या मेंदूवरून नोंदी घेतल्या.

आपल्या रोजच्या कामाला सगळ्यात जवळचा उपयोग मात्र कपॅसिटरचा. २०००च्या दशकातले मदरबोर्ड आठवत असतील तर टम्म फुगलेले, वरून चिकट पाणी गळणारे कपॅसिटरही आठवतील. पीसी मधूनच बंद पडायचा आणि दुकानदार बोर्ड बदला म्हणायचा. त्या डब्यांत द्रव इलेक्ट्रोलाइट असायचा आणि त्या काळात बऱ्याच बोर्डांवर तो सदोष निघाला. पॉलिमर कपॅसिटरमध्ये त्या द्रवाच्या जागी बहुधा पेडॉट किंवा पॉलिपायरोलची घन फिल्म असते. ती सुकत नाही, गळत नाही, आणि तिचा अंतर्गत रोध खूप कमी असतो, म्हणून प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला तरी व्होल्टेज फारसं ढळत नाही. जुना डेस्कटॉप हाताशी असेल तर प्लग काढून झाकण उघडा आणि प्रोसेसरच्या आजूबाजूला बघा. ऍल्युमिनियमच्या ज्या छोट्या डब्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच पाडलेली आहे ते बहुधा द्रववाले. ज्यांचं डोकं सपाट आहे ते बहुतेक वेळा पॉलिमरचे.